चालु आणि चालू

जामबाग, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

सुलभावन्सं,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. दिवाळीत जे झालं त्याहून जास्त काही झालेलं नाही. इतकी वर्षं तुम्हाला पत्र लिहायचं काम ह्यांचं, आणि शेवटी 'इंदूचा नमस्कार' एवढी माझी जागा. आता ह्यांचा उजवा हात उचलत नाही, म्हणून सगळं पान माझ्या वाट्याला आलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुमच्या सुनेकडून निरोप पाठवायचा तर सगळं 'बरं आहे' एवढ्यात संपतं. तेव्हा लिहितेच.

झटका आला त्यानंतर वाचा गेली ती गेलीच, असं डॉक्टर म्हणाले होते. नुसते डोळे फिरायचे. शाळेत पंचेचाळीस मुलांना गणित शिकवणारा माणूस, आणि तोंडातून 'अ' निघेना. पण वन्सं, नवीन वर्ष लागता लागता एक शब्द आला! मी सकाळी खोलीत गेले तर माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, "चालू." मी इकडेतिकडे बघितलं. पंखा बंद होता. लावला. डोळे मिटून शांत पडले. मला रडूच आलं. थंडीत पंखा कशाला हवा होता कोण जाणे, पण मागितला, हे काय कमी झालं?

तेव्हापासून हा एकच शब्द आहे, पण दिवसभर पुरतो. संध्याकाळी मी दिवाळी अंक वाचून दाखवते. विकास मागे पुण्याहून आला तेव्हा सुलतान बाजारापलीकडच्या वाचनालयातून त्याने गठ्ठाच आणून ठेवला आहे. मी थोडं वाचून थांबले की हे म्हणतात, "चालू." मी पुन्हा वाचते. पुन्हा थांबले की पुन्हा "चालू." काल कथा संपल्या, कविता संपल्या, राशिभविष्य संपलं, शेवटी मसाल्याच्या जाहिराती वाचल्या. घसा बसला, पण ह्यांना ऐकायचंय म्हटल्यावर मी कशी थांबणार? लग्नानंतर इतकं सलग मी ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

दिवसा यादगिरी नावाचा माणूस येतो. पन्नाशीचा आहे, पूर्वी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. ह्यांना उठवतो, आंघोळ घालतो, भरवतो. चांगला आहे, पण म्हणतो, सारना भूकच नाही. तीनचार घासांत जेवण संपतं. मनगटं बारीक झाली आहेत.

तुम्ही ह्यांना पत्र लिहा. मी मोठ्याने वाचेन.

तुमची,
इंदू

*

अमरावती
२३ जानेवारी २०२५

वहिनी,

ती. सौ. वगैरे सगळ्या पायऱ्या चढायच्या तर अर्धं पान त्यातच जाईल. नमस्कार घ्या आणि पुढे वाचा.

तुमचं पत्र आलं आणि रोहनने माझ्या हातात देताना विचारलं, "मामाचं?" अण्णाचं नसलेलं पाकीट या घरात माझ्या नावाने येतच नाही ना. बाकी माझ्या नावाने येतात ते बँकेचे आणि कानाच्या यंत्रवाल्यांचे कागद. तुमचं अक्षर छान आहे, इतकी वर्षं फुकट घालवलंत.

अण्णाने 'चालू' म्हटलं हे वाचून मी एकटीच हसत सुटले. हा शब्द आमच्या घरातला जुना तमाशा आहे, तुम्ही येण्याआधीचा. आमची आई उदगीरकडच्या खेड्यातून आलेली, तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. आम्ही भावंडं मात्र शेजारच्या तेलुगू पोरांत वाढलो. अण्णा तर अर्धा वेळ त्यांच्याच घरी जेवायचा. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, बस. त्याला तीच सवय. आई वरण वाढायला लागली की हा ताटावर हात धरून "चालु, चालु" करायचा, आणि आईला वाटायचं पोरगं म्हणतंय चालू दे! ती आणखी वाढायची. एकदा गरम वरण सरळ त्याच्या हातावर. तो ओरडतोय चालु, आई म्हणतेय अरे वाढतेच आहे की!

गंमत बघा, दोन्ही शब्द दिसायला सख्खे भाऊ, आणि नातं काही नाही. आपला चालू 'चालणे' मधून आला. तेलुगूचा चालु त्यांच्याच घरी जन्मला, पुरेसं असणं या अर्थाच्या धातूतून. चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. वर पुन्हा सुलतान बाजारात बाबांच्या कापडदुकानात गिऱ्हाईक गेल्यावर कोणी "चालू आदमी है" म्हणाला की ते तिसरंच, म्हणजे लबाड. अण्णा तिन्ही वापरायचा.

हे त्याला वाचून दाखवा. वरणाची गोष्ट आली की हसतो का बघा. आणि माझं नाव घ्यायचा प्रयत्न करतो का, तेही सांगा.

उन्हाळ्यात मी येतेच आहे.

सुलभा

*

जामबाग, हैदराबाद
३ फेब्रुवारी २०२५

सुलभावन्सं,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलेलं नाही. आधी एकटीने वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. तुम्हाला कसं कळावं? पण मी रोज संध्याकाळी ह्या माणसापुढे बसून वाचत होते, आणि तो रोज मला म्हणत होता, पुरे. पुरे कर बाई. आणि मी आणखी वाचत होते. मसाल्याच्या जाहिराती! ज्याला पळून जाता येत नाही, कानावर हात ठेवता येत नाही, त्याच्यापुढे मी घसा बसेपर्यंत वाचलं. आणि तुम्हाला केवढ्या आनंदाने कळवलं.

यादगिरीला विचारलं. तो म्हणाला, "हौ अम्मा, सार चालु बोलते ना, बस बोलके. तो मैं प्लेट उठा लेता." म्हणजे मी समजत होते वाढवा, तो समजत होता उचला. आमच्या दोघांतला एक रोज चुकत होता. कदाचित दोघंही. ह्यांना भूक लागलेली असताना मराठीत चालू म्हणाले असतील आणि याने ताट उचललं असेल, तर? मी इतकी वर्षं या गावात राहून भाजीपुरतंच तेलुगू शिकले. तुम्ही बहीणभावंडं तीन भाषांतून हसायचात आणि मी सांगलीची सून स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं? ह्यांनी कधी नीट सांगितलं नाही, मीही कधी हट्टाने विचारलं नाही.

आता वाचन बंद केलं आहे. दिवे लागले की मी समोर हात बांधून बसते. हे माझ्याकडे बघतात आणि थोड्या वेळाने म्हणतात, "चालू." मी काहीच करत नाही. काय करू? घरात दोन माणसं आहेत आणि मला भिंतीशी बोलावंसं वाटतं. खरं सांगायचं तर तुमचा राग आला. मला हे कळलं नसतं तर मी निदान सुखात होते.

आणखी एक. विकास आणि सूनबाई शिल्पा पुण्याहून येऊन गेले. ह्यांना उठवताना माझी पाठ धरली, ते विकासने पाहिलं. झटका आलेल्या माणसांसाठी शहराबाहेर एक सेंटर आहे, तिथे ठेवू म्हणतो. व्यायाम, डॉक्टर, सगळं तिथेच. त्याने ह्यांच्याजवळ बसून नीट विचारलं, "बाबा, थोडे दिवस तिकडे गेलात तर चालेल ना?" हे म्हणाले, "चालू." विकासच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "आई, बाबा हो म्हणाले. चालेल म्हणाले."

मी म्हटलं, चालेल नाही म्हणाले, चालू म्हणाले. तो म्हणाला, "तेच ना गं."

तेच आहे का, वन्सं? तुम्ही ह्यांच्या तोंडातली भाषा ओळखता. हे काय म्हणाले असतील? या महिन्यात न्यायचं ठरतं आहे. लवकर लिहा.

इंदू

*

अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

माझ्यावर रागावलात ते बरं केलंत. मी दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे न बघता गोष्टी सांगत बसते, ही खोड जुनीच.

कामाचं सांगते. तेलुगूचा चालु आखूड असतो, शेवटचा उ ओठांतच विरतो. आपला चालू लांब, शेवटी ओठांचा चंबू होतो. पंखा, जेवण, वाचन, प्रत्येक वेळी ओठांकडे बघा. आखूड असेल तर थांबा, लांब असेल तर पुढे न्या.

विकासला सांगा, 'चालेल' मध्ये 'ले' असतो. अण्णा पोरांच्या वहीत दशांशचिन्ह राहिलं तरी अर्धा गुण कापायचा. तो होकार देताना अक्षर गाळणार नाही. मला विचाराल तर तो म्हणाला असेल, पुरे. ज्याच्याकडे 'नाही' हा शब्दच उरलेला नाही, त्याने नाही कसं म्हणायचं? हाताशी जे आहे त्यातलं जवळचं उचलणार.

मी स्वतः येऊन बसले असते तर एका दिवसात सांगितलं असतं. पण उन्हाळ्यात येते असं लिहिलं ते खोटं आहे. मागे पडले तेव्हा मोडलेलं खुब्याचं हाड नीट जुळलं नाही. मी या खोलीतून बाल्कनीपर्यंत जाते, तेही वॉकर धरून. अण्णाला कळवू नका म्हणून घरात सगळ्यांना बजावलं होतं. आता तुम्हाला कळवते, कारण दुसरं कोणी मला विचारत नाही.

त्याला पाठवू नका.

सुलभा

*

जामबाग, हैदराबाद
१ मार्च २०२५

सुलभावन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा हे सेंटरला गेलेले होते. टपाल कोपऱ्यावरच्या इमारतीत चुकून पडलं होतं, तिथल्या वॉचमनने आणून दिलं. तोवर सेंटरची गाडी येऊन गेली. विकासने रजा काढून सगळं नीट केलं, त्याला मी दोष देत नाही. मीही नको म्हणाले नाही. माझी पाठ इतकी दुखत होती की त्या दिवशी मला कोणी उचलून नेलं असतं तरी मी गेले असते.

यादगिरीचंही काम संपलं. जाताना तो ह्यांच्या उशीचे अभ्रे धुऊन वाळत घालून गेला. आता घर माझं एकटीचं आहे. एका माणसाचा स्वयंपाक मला करता येत नाही, रोज उरतो. संध्याकाळी खोलीत जाते, पंखा लावते आणि बंद करते. परवा लावताना माझ्याच तोंडून निघालं, "चालू." ऐकायला कोणी नव्हतं. एकटेपणा म्हणजे शांतता असेल असं मला वाटायचं. तसं नाही. आपलाच आवाज जास्त येतो.

तिकडे दोनदा जाऊन आले. मंडळी प्रेमळ आहेत, पण सगळी तेलुगू बोलणारी. हे चालू म्हणाले की ताट उचलतात, व्यायाम थांबवतात, खुर्चीतून परत पलंगावर ठेवतात. कोणी वाईट वागत नाही, सगळे ह्यांचं ऐकतात. ऐकून ऐकून माणूस अर्धा झाला आहे. ह्यांचा शर्ट आता हँगरला लावल्यासारखा दिसतो.

तुम्ही सांगितलं तसं ओठांकडे बघितलं. वन्सं, मला फरक कळत नाही. एका बाजूचा ओठ वाकडा आहे, चंबू होणार कुठून? आणि माझा कान सांगलीचा. मी नर्सला बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं, "घरी यायचं का?" म्हणाले, "चालू." माझा जीव भांड्यात पडला. मग खात्री करावी म्हणून विचारलं, "की इथेच राहायचं?" म्हणाले, "चालू." तसेच ओठ, तसाच आवाज.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अम्मा, उस लफ़्ज़ को मत पकड़ो." अशा माणसांना बोलायचं असतं वेगळं, पण तोंडात येतो तोच एक अडकलेला शब्द. त्याचा अर्थ कुठल्याच भाषेत शोधायचा नाही म्हणे. ह्यांना राग आला तरी चालू, तहान लागली तरी चालू.

म्हणजे तुम्ही चुकलात, मी चुकले, विकास चुकला, यादगिरी चुकला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनातलं ऐकलं. आता मी कुणाला विचारू? ह्यांना काय हवंय ते मला आता कधीच कळणार नाही का?

इंदू

*

अमरावती
९ मार्च २०२५

वहिनी,

हे पत्र लहान आहे. कमरेत कळ येते आहे आणि रागही आलेला आहे.

तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. पंखा ह्यांना हवा, वाचन ह्यांना हवं, नको असेल तर ह्यांना नको. विकासला काय वाटतं, सुलभाला काय वाटतं, डॉक्टरीण काय म्हणते. तुम्हाला काय हवंय ते एकाही पत्रात लिहिलेलं नाही. पाठ दुखते हे सुद्धा विकासने पाहिलं म्हणून कळलं.

अण्णाला एकच शब्द उरला आहे. तुमच्याकडे तर सगळी मराठी शाबूत आहे ना? मग उत्तर त्याच्याकडे का मागताय? ठेवायचा असेल तर ठेवा, माझी तक्रार नाही. या वयात पाठ मोडून घेणं म्हणजे काही पुण्य नव्हे. आणायचा असेल तर आणा. पण जे असेल ते त्याला जाऊन सांगा. त्याला ऐकू येतं. आमच्या घराण्यातला तेवढा एक कान अजून चांगला आहे.

सुलभा

*

जामबाग, हैदराबाद
२१ मार्च २०२५

सुलभावन्सं,

हे घरी आहेत. आतल्या खोलीत झोपले आहेत, म्हणून लिहायला बसले.

विकास रागावला आहे. फोनवर म्हणाला, आई, तू भावनेच्या भरात करते आहेस, पुन्हा पाठ गेली तर मी काय करू? त्याचं खोटं नाही. यादगिरीला परत बोलावलं आहे, आता तो सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येईल. त्याला आणि मला एक सांगून ठेवलं आहे, शब्द ऐकायचा नाही, तोंडाजवळ घास न्यायचा आणि तोंड उघडतं का बघायचं. काल वाटीभर भात गेला. वाचन मी पुन्हा सुरू केलेलं नाही. कधी करावंसं वाटलं तर करेन, आणि मला कंटाळा आला की थांबेन. घर अजून तसंच गप्प आहे. हे चालू म्हणतात, मी हं म्हणते, आणि दोघंही खिडकीकडे बघतो. सगळं सुधारलं असं मी तुम्हाला लिहिणार नाही.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी नुसती फिरत होते घरात. मला काय हवंय हे कोणी विचारेल याची सवयच नाही ना. लग्न ठरलं तेव्हा मोठ्यांनी ठरवलं. इथे राहायचं हे ह्यांच्या नोकरीने ठरवलं. मी कशाला नको म्हणाले नाही, पण कशाला हवं असंही म्हणाले नाही. आणि ह्यांच्याशी तर असलं बोलणं कधी झालंच नाही. गॅस संपला, विकासची फी भरली का, पाहुणे किती वाजता. आम्ही भांडलोसुद्धा तेवढ्यापुरतंच.

मंगळवारी गेले. हे पलंगावर टेकून बसवलेले होते. मी खुर्ची जवळ ओढली. मग एकदम म्हणून टाकलं, "हे बघा, तुम्हाला काय हवंय ते मला कळत नाही. मी आता विचारणार पण नाही. मला तुम्ही घरी हवे आहात. मला झेपत नाही, माझी पाठ दुखते, तुमचं बोलणं मला कळत नाही, तरी हवे आहात. एकटीला मला ते घर खायला उठतं."

बोलताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने मान वळवली. मला लाज वाटली. मी थांबले आणि वाट बघत बसले, आता हे म्हणतील, चालू.

वन्सं, ते म्हणाले नाहीत. तोंड मिटलेलंच राहिलं. माझ्याकडे बघत होते आणि वाकड्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं. मग त्यांनी पांघरूण बाजूला सारलं, चांगला डावा पाय पलंगावरून खाली सोडला, आणि पायाने पलंगाखाली चाचपायला लागले. इकडे, तिकडे. मला आधी कळेना काय चाललंय. मग कळलं, चपला शोधत होते.

चपला तिथे नव्हत्या. आता ह्यांना काय करायच्यात म्हणून पहिल्याच भेटीत मी त्या घरी घेऊन आले होते.

तसंच, अनवाणी आणलं मी ह्यांना.

इंदू